पोवळीबायचा पेंढा

आमच्या खाडीला अजून एकच बांध होता, तेव्हाची ही गोष्ट. पोवळीबाय नावाची एक बाई मिठागरात मीठ ओढायची. तिला एक खोड होती, मिठाचा खडा उन्हात धरून बघत बसायची. खड्यात शिरलेलं ऊन वाकून बाहेर पडतं, हे तिनं असंच ओळखलं, असं म्हणतात.

मिठागराचा एक नेम होता. मीठ पिकत असताना पावसाचं नाव काढायचं नाही. राशीही झाकायच्या नाहीत, कारण झाकणं म्हणजे त्याला बोलावणंच. नाव काढील त्याचं फावडं जायचं, आणि फावडं गेलं की पोट गेलं.

एका चैत्रात भर दुपारी सूर्याभोवती मोठं खळं पडलं. आभाळात नुसता पिंजलेल्या कापसासारखा पातळ पडदा. बांधावर सगळ्या गावाचं मीठ उघडं. पोवळीबाय मुकादमाकडं गेली.

"हाशादादा, राशी झाका. पाऊस येतोय."

"काय गो, उन्हानं डोकं फिरलं का? ढग तरी दाखव."

"पार वर हाय तो. तिथं इतकं गार, की पाण्याचेबी खडे होतात, आपल्या मिठावानी. ऊन त्यातनं वाकून येतंय, म्हणून हे कडं. आज खडे आलेत, मागनं पाणी येईल."

"मग जा, वरचं मीठ ओढ," हाशा म्हणाला. सगळे हसले, आणि हाशानं तिचं फावडं काढून घेतलं.

पोवळीबाय घरी गेली, छपरावर चढली आणि पेंढा उपसू लागली. भारा आणून पहिली रास झाकली ती हाशाची. तो आडवा आला, तर म्हणाली, "फावडं नेलंस. आता माझं काय नेशील?"

एका झोपडीचा पेंढा तो केवढा. पण गावातली शेवटची रास झाकेपर्यंत तो सरला नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. मीठ कोरडं राहिलं. पोवळीबायचं घर तेवढं आतून धुऊन निघालं.

हाशा फावडं घेऊन आला, तेव्हा ती विरघळलेली चूल लिंपत होती.

"चुकलो गो बाय. घे."

तिनं घेतलं. म्हणाली, "पुढं कुणी पावसाचं बोललं, तर त्याचं फावडं काढू नको."

अजूनही आमच्याकडं कुणी 'खळं पडलं' म्हटलं, मग ती काल आलेली सून का असेना, सगळे हातातलं काम टाकून वर बघतात. कधी खळं नसतंही. तरी तिला कुणी हसत नाही.