चिमाआत्याचा ऐन

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या माथ्यावर इतकं दाट रान होतं की खाली उंबरखोऱ्यात होळीपर्यंत ओढा वाहायचा, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात चिमाआत्या राहायची. तरणेपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परतली, म्हणून साऱ्या गावाचीच आत्या. तिला पाऊस कळायचा, असं म्हणतात.

कळायचा तो कावळ्यांवरून. वैशाखात त्यांनी घरटी बांधायला घेतली की आत्या माथ्यावर जायची. घरटं शेंड्यावर असलं तर पाऊस बेताचा. खाली, दाट फांद्यांच्या आडोशाला असलं तर वेळेवर आणि दणकून. मग ती देवळापुढं उभी राहून सांगायची, पावसाआधीच बी धुळीत पेरा, किंवा थांबा. तिचं सांगणं कधी खोटं ठरलं नाही आणि तिला त्याचा थोडा तोराही होता. का नसावा?

पुढं कोळशाच्या भट्टीवाले आले. माथ्यावरची ऐन-किंजळाची झाडं तोडू का, म्हणून त्यांनी गावाला विचारलं. गावानं आत्याकडं पाहिलं. आत्याचं घर तेव्हा जागोजाग गळायचं. भट्टीवाले म्हणाले, तुमच्या घरावर नवे वासे, नवी कौलं घालून देतो. आत्या म्हणाली, "तोडा. झाडं काय, पुन्हा येतील." दोन हिवाळ्यांत माथा बोडका झाला. घर मात्र छान झालं.

पुढच्या वैशाखात आत्या वर गेली, तर करवंदीच्या जाळीत, कमरेइतक्या उंचीवर कावळ्याचं घरटं. इतकं खाली तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. ती हरखली. मग तिची नजर भोवतालच्या खुंटांवर गेली आणि मनात आलं, हा कावळा पाऊस जाणून खाली आलाय, की वर बसायला झाडच उरलं नाही म्हणून? तशीच ती खाली उतरली.

खाली गाव वाट बघत होतं. धाकू गावकरी पुढं झाला. "आत्या, काय म्हणतो कावळा? पेरू ना समदं?"

मला ठाऊक नाही, एवढं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते आणि तिला लाज वाटली. ती म्हणाली, "पेरा. कणगीत दाणा ठेवू नका."

गावानं कणग्या झाडून पेरलं. एक सर आली, रोपं हिरवी झाली, आणि पाऊस जो गेला तो अर्धा आषाढ सरला तरी फिरकला नाही. रोपं करपली. मग आला तो आभाळ फाटल्यासारखा. पूर्वी रान ते पाणी अंगावर झेलायचं, मुळांशी मुरवायचं आणि थोडं थोडं खाली सोडायचं. आता झेलायला कुणी नव्हतं. माथ्याची माती लोटत आली आणि शेतं गाडली गेली. गावाची घरं गळत होती. आत्याचं तेवढं कोरडं होतं, आणि त्या कोरड्या घरात तिला बसवेना.

कुणी तिला बोल लावला नाही, हेच जड झालं. धाकूची बायको भागी म्हणाली, "आत्या, तुला तरी काय ठावं असणार गं."

"मला कळत नाही, हे मला ठावं होतं," आत्या म्हणाली. "तरी मी ते बोलले नाही."

तशीच ती भर पावसात नदीपलीकडच्या गावांना गेली. दारोदार मान खाली घालून सांगायची, "मी माझ्या गावाला खोटं बोलले, म्हणून लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचं बी मागते." कुणी मूठभर दिलं, कुणी कुत्रं सोडलं. परतली तेव्हा पदरात ओंजळ-दोन ओंजळी बी होतं. पण ती घरोघर वाटत गेली आणि शेवटच्या घरापर्यंत पदर रिता झाला नाही, असं म्हणतात. त्या वर्षी गाव पेजेवर राहिलं, पण राहिलं.

आत्यानं पुन्हा कधी पाऊस सांगितला नाही. घराचे वासे उतरवून तिनं माथ्यावर ऐनाची रोपं लावून त्यांना कुंपण केलं आणि उरलेला जन्म गळक्या घरात काढला. पण रोपं मोठी होईपर्यंत कावळे बसणार कुठं? म्हणून ती वैशाखभर माथ्यावर हात वर करून उभी राहायची. आधी कावळे बिचकले. मग खांद्यावर बसू लागले. एका वर्षी त्यांनी तिच्या पांढऱ्या केसांत घरटं बांधलं आणि तिनं हात खाली घेतले नाहीत. पावसानंतर लोक तिला शोधायला गेले, तर तिथं आत्या नव्हती. एक ऐन उभा होता, म्हाताऱ्या हातासारखी भेगाळलेली साल आणि वर घरटं.

तो ऐन अजून आहे. पाऊस आता आपल्याच मर्जीनं येतो, कधी आधी, कधी उशिरा, कधी एकदमच. पेरणीआधी गाव एक नवं रोप घेऊन माथ्यावर जातं. सगळे घरट्याकडं बघतात, जुनी सवय. मग गावातलं सर्वांत म्हातारं माणूस खोडावर हात ठेवून मोठ्यानं म्हणतं, "मला ठाऊक नाही." खाली येऊन प्रत्येक घर निम्मं बी कणगीत राखतं. त्याला आत्याचा वाटा म्हणतात.

ज्याच्यावर ही पाळी पहिल्यांदा येते, त्याची मान हमखास खाली जाते. गाव थांबतं, घाई करत नाही. त्यानं एकदा म्हटलं, की सगळे ऐनाकडं तोंड करून म्हणतात, "आम्हालाही नाही, आत्या."