धामणीच्या पिल्लांचा सरकारी वाटा

वैद्यकी शिकणारा केरोबा जेवणखर्चासाठी धामणी पाळायचा. उंदरांनी गांजलेले शेतकरी त्याच्याकडून पिल्लं विकत न्यायचे. ही कमाई मामलेदार रंगरावांच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी भर चावडीत फर्मावलं, “धान्याचा निम्मा वाटा मी स्वतःच्या हातानं मोजून घेतो. तुझ्या धंद्याचाही तसाच घेईन.”

“आपली आज्ञा, सरकार,” केरोबा अदबीनं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रंगरावांपुढे टोपली ठेवून झाकण काढलं. आत पिल्लं वळवळत होती. रंगराव लोडामागे गेले.

“यंदाचं पीक आणलंय,” केरोबा म्हणाला. “घाला हात आणि निम्मी मोजून घ्या. भिऊ नका, धामण विषारी नसते. नुसती चावते.”

रंगरावांनी लोडाआडूनच वाटा कायमचा माफ केला.