पालखी पेलणाऱ्या वहाणा

कमळगड संस्थानच्या पेठेत बायजाबाई वहाणा बनवायची. वहाण अशी, की वाटेतला दगड झिजेल पण तिचा तळ झिजणार नाही. पण समोरच त्रिंबकशेटनं मोठं दुकान थाटलं आणि दारावर पाटी लावली, 'खुद्द महाराज आमच्याच वहाणा घालतात.' झालं! सारी पेठ तिकडे लोटली. बायजाबाईकडे कुणी फिरकेना.

मग तिनंही पाटी लावली, 'महाराजांची पालखी वाहणारे भोई आमच्याच वहाणा घालतात.'

लोक थबकून वाचायचे, हसायचे आणि आत शिरायचे. शेटचा जळफळाट झाला. तो तडक दरबारात गेला. "सरकार, या बाईनं आपल्याला भोयांच्या पंक्तीला बसवलं!"

महाराजांनी बायजाबाईला बोलावून घेतलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. "बाई, आम्ही हे काय ऐकतो?"

ती मान ताठ ठेवून म्हणाली, "सरकार, शेटजींच्या वहाणा पालखीत बसून घाट चढतात. माझ्या वहाणा पालखी घेऊन चढतात. शेटजींची तुटली, तर सरकार दुसरी मागवतील. माझी तुटली, तर पालखी दरीत जाईल. आजवर सरकार गडावर सुखरूप पोचले, ते कुणाच्या वहाणांवर?"

महाराज खो खो हसले. "शेटजी, तुमच्या वहाणा आम्ही वागवतो, हिच्या वहाणा आम्हाला वागवतात!" त्यांनी पाऊल पुढे केलं. "बाई, आमचंही माप घे."

"घेते, सरकार," बायजाबाई म्हणाली, "पण पाटी मात्र बदलणार नाही."