मागची पाच कोरी पानं

“एकीचासुद्धा विश्वास बसत नाही, बाबा!”

सगुणा कासारणीनं बांगड्यांची टोपली ओट्यावर आदळली. बाई चार यत्ता शिकलेली, पण तोंड मामलेदाराचं.

रहीमबाबा फकीर पुस्तक शिवत बसले होते. गावच्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं तेच बांधून देत.

“झालं काय?”

“ती चंपावतीची कादंबरी! लेखकानं शेवटी बिचारीला तळ्यात बुडवली. माझा जीव जळला. तुम्ही बांधताना मागं पाच कोरी पानं घातलीत, त्यावर मी पुढचं लिहिलं. कोळ्यांनी तिला जाळ्यानं वर काढली, अन् तिनं स्वतःची होडी चालवायला घेतली. आता बांगड्या भरताना बायका मलाच ती गोष्ट सांगतात! मी लिहिलंय म्हटलं, तर खदाखदा हसतात. म्हणे, हे छापलेलं आहे!”

बाबा गालात हसले. पुस्तक शिळाछापाचं, दगडावरून छापलेलं. त्यातलं छापीलही हातानं लिहिल्यासारखंच दिसायचं, आणि सगुणानं अक्षराचं वळण तर हुबेहूब उचललेलं.

“पानं तुम्ही शिवलीत. गुरुवारी तुमच्या ओट्यावर गाव जमतं, तेव्हा चारचौघांत सांगा. माझं मला मिळू दे.”

“सांगतो की.”

बाबांनी पुस्तक उघडलं. पाचव्या पानाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. तिथं त्यांनी बोरूनं एक ओळ लिहिली आणि पुस्तक तिच्यापुढं सरकवलं.

सगुणानं बोट ठेवून वाचलं. ‘मग चंपावतीनं होडी विकली आणि सासरी जाऊन मुकाट दळण दळू लागली.’

“खोडा ते!” ती कडाडली. “माझी चंपावती मेली तरी असलं करायची नाही!”

“का? बोरू माझा, शाई माझी.”

“घाला चुलीत तुमची शाई! ती ऐकते होय कुणाचं? मी तिचं लग्न लावायला बसले होते, चांगला नवरा शोधून. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. उभीच राहीना बाई मांडवात!”

“म्हणजे… तुझंही ऐकलं नाही?”



पदर तोंडाला लावून सगुणा अशी हसली, की टोपलीतल्या बांगड्या किणकिणल्या.

“बाबा, मग गुरुवारी सांगणार तरी काय? हा सगळा उपद्व्याप कुणाचा?”

बाबांनी आपली ओळ खोडली.

“चंपावतीचा.”