आतून लिंपायची भिंत

त्या रानात घर बांधणाऱ्यांपेक्षा घराविषयी बोलणाऱ्यांना जास्त मान होता. बांधणारे काही कमी नव्हते. सुगरणी विणायच्या, शिंपी पक्षी पानं शिवायचे, तांबट लाकूड कोरायचे. पण त्याला कुणी कला म्हणत नसे, ते आपलं रोजचं जगणं. कला म्हणजे मोर जे बोलेल ते. मोरानं उभ्या जन्मात एका काडीवर दुसरी काडी ठेवली नव्हती. तरी सभेनं त्याला महास्थपती ही पदवी दिली होती, कारण पिसारा उभारून तो 'अवकाश' असं म्हणाला की ऐकणारे नुसते माना डोलवत राहायचे.

उन्हाळा तापला, ओढे आटले आणि पोरासोरांना काही उद्योग उरला नाही, की मोराचा वर्ग भरायचा. ज्यांना पुढे स्थापत्य शिकायचंय त्यांना या विद्येची तोंडओळख व्हावी म्हणून हा वर्ग, असं टिटवी रानभर ओरडून सांगायची. टिटवी वर्गाची व्यवस्थापक. ती स्वतः उघड्या माळावर दगडगोट्यांत अंडी घालायची, पण हा विषय तिच्यासमोर काढायची सोय नव्हती.

पहिला पाठ दरवर्षी एकच. ज्या घरात वाढलात त्या घराचा ओल्या मातीत नमुना करा. "झाड कुठलं, दार कुठल्या दिशेला, आत जागा किती, सगळं दाखवा," मोर सांगायचा. "स्थपतीपासून काही लपवायचं नसतं." पोरं भाबडी. जीव ओतून नमुने करायची. मोर त्यांच्यामधून हिंडायचा, चोच मुरडायचा, एखादा नमुना पायानं मोडायचा आणि "पुन्हा" एवढंच म्हणायचा. तेवढ्यावर पोरांना वाटायचं, आपण काहीतरी शिकलो.

पाऊस सरला की सभेतल्या बड्या मंडळींसाठी मोरानं योजलेली नवी घरं उभी राहायची. त्यांतला झुला कुठल्या सुगरणीच्या पोराचा, छत कुठल्या शिंप्याच्या पोरीचं, हे ज्याचं त्याला बरोबर कळायचं. पण पुढल्या शिक्षणाचा प्रवेश मोर देणार होता, त्यामुळे सगळे मूग गिळून बसायचे.

एका उन्हाळ्यात धनेशी त्या वर्गात आली. धनेश पक्ष्याची पोर, अंगापेक्षा चोच मोठी, बोलणं कमी. ओढ्याकाठच्या जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत ती वाढली होती. इतकी प्रशस्त ढोली रानात दुसरी नव्हती. धनेशांची एक रीत असते. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून चिखलानं दार लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवून. आत तिच्या पंखांची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. नर बाहेरून उंबरं आणून फटीतून भरवतो. पिल्लं मोठी झाली की ती आपली भिंत आपणच फोडून बाहेर येते. त्या उन्हाळ्यात धनेशीची आई अशीच आत बसली होती.

धनेशीनं नमुना फार सुरेख केला. भिंत तेवढी केली नाही, दार किती रुंद आहे ते दिसावं म्हणून. मोर त्या नमुन्यापाशी बराच वेळ थांबला. त्यानं तो मोडला नाही. धनेशी हरखून गेली.

त्याच आठवड्यात महास्थपतींना साजेसं निवासस्थान हवं असा ठराव सभेत झाला आणि ढोली रिकामी करायला माकडं बेहड्यावर चढली. दाराला चिखल दिसला, तो त्यांनी खरवडून काढला. आत जे होतं ते खाली टाकलं. अंडी फुटली. आई जमिनीवर पडली. तिच्या पंखांना पिसं नव्हती आणि मुंगूस जवळच होतं. बाप चोचीत उंबर घेऊन आला तेव्हा सगळं संपलं होतं. तो दिवसभर समोरच्या फांदीवर बसून राहिला, मग रान सोडून निघून गेला.

धनेशी मोराकडे गेली. "सर, आत माझी आई होती," ती म्हणाली.

"नमुन्यात तर नव्हती," मोर म्हणाला, आणि पुढल्या पोराकडे वळला.

रडून घ्यायला तिला पुष्कळ दिवस मिळाले. पण ती रडली नाही, तिला नुसता राग आला. झोपेत राग, खाताना राग, उडताना राग. तांबट तिचा शेजारी, वयानं मोठा. त्याच्या घराचा नमुनाही मोरानं एकेकाळी गिळला होता. तो म्हणायचा, "अगं, विसर आता. आपल्यासारख्यांनी काय करायचं?" बेहड्यासमोरच्या फांदीवर बसून ती मोराची राहणी बघत राहायची.

मोराची राहणी काही सुखाची नव्हती. ढोली प्रशस्त, पण दार सताड उघडं. धामण यायची, उदमांजर यायचं. माकडांना तर एकदा वाट कळलेलीच होती. मोराची झोप उडाली. व्याख्यान देतादेता तो पेंगायला लागला.

पुढल्या उन्हाळ्यात धनेशीनं पुन्हा वर्गात नाव घातलं. मोरानं तिला ओळखलं नाही. त्याच्या लक्षात नमुने राहायचे, पोरं राहायची नाहीत. या खेपेला तिनं फक्त एक भिंत केली. चिखल, उंबराचा गर आणि विष्ठा मळून केलेली, मधे एक फट असलेली. वाळल्यावर ती दगडाला हार जाईना. मोर वाकून वाकून बघत होता. मग त्यानं पाय उचलला आणि सगळ्यांसमोर ती भिंत ढकलून दिली. "चिखलच चिखल," तो म्हणाला. "दृष्टी कुठंय यात?" भिंत आडवी पडली, पण तुटली नाही. संध्याकाळी टिटवी गुपचूप येऊन ती घेऊन गेली. धनेशी पानांआडून बघत होती आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

ती भिंत आतून लिंपायची असते, आतल्या चोचीला फुटेल एवढीच जाड, हे ती कुणाला बोलली नव्हती. मोरानं नुसतं विचारलं असतं तरी तिला सांगणं भाग होतं. वर्गात खोटं बोलायचं नाही, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. पण मोर विचारणार कसा? विचारलं की ती भिंत त्याची नाही हे उघड झालं असतं.

वर्गाच्या समारोपाला मोरानं 'बंद निवास' ही आपली नवी कल्पना जाहीर केली. सगळं रान बेहड्याखाली लोटलं. महास्थपती स्वतः आत बसून दाखवणार होते. मोर पिसारा सावरत ढोलीत शिरला. चिखलात चोच घालायची त्याला किळस, म्हणून लिंपायचं काम विद्यार्थ्यांना दिलं. विद्यार्थी बाहेर होते, तेव्हा भिंत बाहेरून लिंपली गेली. धनेशी सगळ्यात पुढं होती. ती थरावर थर चढवत होती आणि प्रत्येक थर वाळू देत होती. "किती मन लावून करते बघा," टिटवी कौतुकानं म्हणाली.

दुपारच्या उन्हात भिंत खणखणीत झाली. सभेतल्या एका म्हाताऱ्या होला पक्ष्यानं विचारलं, "आणि बाहेर कसं यायचं?"

मग फटीतून आवाज आला, "त्याचं तंत्र पुढच्या वर्गात सांगेन." लोकांनी वाहवा केली आणि सगळे आपापल्या घरी गेले.

सूर्य कलला तशी आतून चोच मारल्याचे आवाज येऊ लागले. मोराची चोच ती, दाणे टिपायची. धनेशी एक उंबर घेऊन फटीपाशी बसली.

"कोण आहे?"

"विद्यार्थिनी, सर."

"हे उघडतं कसं?"

"मला काय ठाऊक असणार?" धनेशी म्हणाली. "कल्पना तुमची आहे."

थोड्या वेळानं मोरानं चोच फटीबाहेर काढली आणि तिनं तिच्यात उंबर ठेवलं. "सर," ती म्हणाली, "सकाळी सभा येईल. सगळ्यांसमोर सांगा हे घर कुणाचं होतं आणि आत कोण होतं. त्या क्षणी मी भिंत फोडते."

आता मोरानं तिला ओळखलं. पण सकाळी सभा आली तेव्हा तो त्या विषयावर ताकास तूर लागू देईना. उलट एकांत आणि साधना यांवर असा काही बोलला की मंडळी भारावून गेली. महास्थपती मुद्दामच आत राहिले आहेत, असं सर्वांचं ठरलं. लोक दर्शनाला यायला लागले.

पाऊस आला, गेला. मोराची पिसं झडली आणि तो ती फटीतून बाहेर ढकलू लागला. भक्त ती उचलून घरी न्यायचे. भरवायला मात्र कुणी थांबत नसे. रोज धनेशीच उंबर आणायची, जगेल एवढंच. रोज तेच विचारायची आणि रोज मोर नाही म्हणायचा. तांबट एकदा कळवळून म्हणाला, "पुरे आता, पोरी. तो नुसता सांगाडा झालाय."

"पुरे?" धनेशी म्हणाली. "माझ्या आईला खाली टाकताना पुरे म्हणायला कुणी आलं होतं का?"

तांबट मान खाली घालून निघून गेला.

पुन्हा उन्हाळा तापला. टिटवीनं रानभर हाकारे घातले, यंदाचा वर्ग बेहड्याखालीच भरेल, महास्थपती फटीतून मार्गदर्शन करतील. आदल्या दिवशी मोरानं धनेशीला हाक मारली. त्याचा आवाज खोल गेला होता. "उद्या सांगतो," तो म्हणाला. "सगळं सांगतो. हे घर तुझ्या आईचं, भिंत तुझी. मी चोर."

याच शब्दांसाठी तिनं दोन उन्हाळे काढले होते. तिला वाटलं, आत्ताच फोडावी भिंत, झालं गेलं गंगेला मिळालं.

"अशा शब्दांत सांगेन," मोर आतून पुढं म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुनी लय परत आली, "अशा शब्दांत, की सगळं रान रडेल. आधी थोडं थांबायचं. मग आवाज उतरवायचा. पश्चात्तापाचासुद्धा एक अवकाश असतो, बघ."

धनेशी ऐकत राहिली. तिला बेहड्याखालची उद्याची गर्दी दिसली. मोर बोलतोय, पोरं डोळे पुसतायत, केवढं मोठं मन म्हणून होले उसासतायत. आईचं मरणसुद्धा आता तो आपल्या नावावर लावणार होता.

"बरं, सर," ती म्हणाली आणि चिखल मळायला ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्याकडे गेली.

सकाळी पोरं रांगा करून बसली. टिटवीनं प्रास्ताविक केलं आणि प्रत्यक्ष काम दाखवायला गेल्या वर्षीची विद्यार्थिनी आली असल्याचं सांगितलं. मोराची चोच फटीत आली. तो ठरल्याप्रमाणे थोडं थांबला.

"बाळांनो," तो आवाज उतरवून म्हणाला, "हे घर..."

धनेशीनं एक भलंमोठं उंबर त्याच्या चोचीत ठेवलं आणि चोचीसकट हळूच आत सरकवलं. मग ओल्या चिखलाचा गोळा फटीवर बसवला आणि आपल्या चोचीच्या कडेनं डावीकडून उजवीकडे सारवत आणला. वरचा थर पातळ आला होता, म्हणून तिनं आणखी एक गोळा घेतला. पहिल्या रांगेतली पोरं माना वाकड्या करून बघत होती आणि तिची चोच फिरेल तशा आपापल्या चोची हवेत फिरवत होती.