केरबानं मामांची पिशवी धरली

एका गावात एक भोळा जावई होता. म्हणजे जावई तो सासरच्या गावी, स्वतःच्या गावात नुसताच भोळा. नाव केरबा. अंगानं दणकट, मनानं लोणी, आणि डोक्याबद्दल गाव काही बोलत नसे. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही, आणि खरी अडचण तीच होती. "विहिरीचं पाणी बघून ये" म्हटलं की तो बघून यायचा. घागर घरीच.

त्याची बायको हौसा पंचमीला माहेरी गेली. गणपती आले, गणपती गेले, हौसा काही आली नाही. केरबाला घर खायला उठलं. चुलीपुढं बसला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि चूल पेटलेली नसली तरी यायचं. शेवटी आई म्हणाली, "जा बाबा, घेऊन ये तिला. माझ्याच्यानं बघवत न्हाई." केरबानं घाटातली गाडी धरली.

सासरे दौलतमामा वर डोंगरावर, थंड हवेच्या ठिकाणी, गोल्फच्या मैदानाचे मुख्य माळी होते. गोल्फ म्हणजे फार सोपा खेळ. अंड्याएवढा पांढरा चेंडू, एक वाकड्या टोकाची काठी, आणि लांब कुठंतरी झेंडा लावलेलं एक भोक. चेंडू भोकात घालायचा, मग पुढच्या भोकाकडं वळायचं. कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. मोठी माणसं यासाठी मोटारीनं डोंगर चढून येतात. पावसाळ्यात मात्र कुणी येत नाही. मग मैदान नोकरमंडळींचंच, आणि उघडीप पडली की सोमवारी दौलतमामा आणि खानावळीचा आचारी जनार्दन यांचा डाव रंगायचा. सात वर्षं जनार्दन जिंकत होता. सात वर्षं दौलतमामांना त्याच्या हातची आमटी खारट लागत होती.

केरबा आला, पाया पडला आणि म्हणाला, "मामा, हौसाला न्यायला आलोय."

मामांनी सुस्कारा सोडला. जावयाला कमीजास्त बोलवत नाही, पण पोरही जड झालेलं नाही. "जावईबापू, तुमच्यासंगं पोरगी घाटातनं धाडायला माझा जीव धजत न्हाई. उद्या आमचा डाव हाय. माझी काठ्याचेंडूंची पिशवी धरा. सांगितलं तेवढं नीट केलंत, तर परवा पोरगी तुमच्यासंगं. न्हाईतर दिवाळीनंतर बघू."

दिवाळी म्हणताच केरबानं पिशवी रात्रीच उशाशी घेतली. सकाळी निघताना हौसानं दाराआड गाठलं. "अहो, मला घरी यायचंय. बाबा सांगतील ते ध्यानात ठेवा, आणि स्वतःचं डोकं चालवू नका."

"त्याची काळजी करू नगंस," केरबा म्हणाला.

डाव सुरू झाला. मामांनी काठी उगारली, कंबर वळवली आणि असा फटका हाणला की चेंडू झाडांवरून सरळ झेंड्याजवळच्या हिरवळीवर. मामा स्वतःवरच खूष झाले. तोवर केरबा धावत सुटला होता. चेंडू गाठला, धोतराला पुसला आणि तसाच धापा टाकत परत आणला.

"मामा, तुमचं हे पडलं हुतं."

जनार्दन गवतात लोळून हसला. मामांनी डोळे मिटले. "जावईबापू, जे जिथं पडलं ते तिथंच राहू द्यायचं. हात लावायचा न्हाई. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," केरबा म्हणाला.

पुढं उतारावर धुकं उतरलं, आणि मामांचा चष्मा नाकावरून घसरून गवतात पडला. मामांना त्या धुक्यात चष्मा असून नसून सारखंच. केरबानं पाहिलं. हात लावला नाही. खाली मामांनी पांढरं काहीतरी हेरलं, नेम धरला, हाणलं. त्याचे चार तुकडे झाले. ती कुत्र्याची छत्री होती. तेव्हा कुठं मामांचा हात नाकाकडं गेला.

"माझा चष्मा कुठाय?"

"वर पडलाय. जिथं पडला तिथंच हाय. मी बोटसुद्धा लावलं न्हाई."

चष्मा आणायला चढ चढून जावं लागलं. मामा म्हणाले, "अहो देवमाणसा, आपलं काही पडलं दिसलं की तिथल्या तिथं ओरडून सांगायचं. मोठ्यानं. समजलं?"

"समजलं."

पुढच्या भोकापाशी मामांचा चेंडू दोन हातांवर होता. नुसता ढकलायचा. मामा वाकले, श्वास धरला, काठी हलकेच मागं नेली. तेवढ्यात त्यांच्या सदऱ्याचं एक बटण तुटून खाली पडलं.

"मामा, पडलं!" केरबा असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. चेंडू भोक ओलांडून पार पलीकडच्या झुडपात गेला.

मामांनी झुडपात शिरून चेंडू काढला. मग म्हणाले, "मी काठी घेऊन उभा राहिलो की तोंडातनं अवाक्षर काढायचं न्हाई. आभाळ कोसळलं तरी न्हाई."

"न्हाई काढणार," केरबा म्हणाला, आणि लगेच तोंडावर हात ठेवून सराव केला.

त्यापुढच्या वेळी मामा काठी घेऊन उभे राहिले, आणि मागं एक माकड आलं. त्यानं पिशवीची नाडी सोडली. भाकरी खाल्ली. चटणी चाटली, खोकलं, केरबाच्याच बाटलीतलं पाणी प्यालं. मग दोन कोरे चेंडू काखेत मारून झाडावर गेलं. केरबा त्याच्या हातभर अंतरावर, तोंडावर हात ठेवून, घामाघूम उभा होता. मामांनी वळून भाकरीचं रिकामं फडकं पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना उत्तर ठाऊक होतं.

आता एवढं झाल्यावर मामा हरलेच असं तुम्हाला वाटेल. पण जनार्दनाचं आणखी वाईट चाललं होतं. हसून हसून त्याला काठी धरवत नव्हती. एकदा तर चेंडू सोडून त्यानं स्वतःच्याच नडगीवर हाणली. त्यामुळं दोघं बरोबरीत होते, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मामांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

शेवटून दुसऱ्या भोकाला मामांचा चेंडू तळ्यात गेला. डुबुक. केरबानं आधी मामांकडं पाहिलं. मामांच्या हातात काठी होती, म्हणून तो बोलला नाही. त्यानं मुकाट्यानं धोतर खोचलं आणि तळ्यात उतरला. पाऊण तास गाळ चाचपला. एक फुटका माठ निघाला, एक बूट निघाला. जनार्दनाची एक झोप झाली.

"वर या," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आता देवळातल्या पुजाऱ्यासारखा शांत झाला होता. "ऐका, जावईबापू. पाण्यात गेलेल्याचा नाद सोडायचा. शोधत बसायचं न्हाई, रडत बसायचं न्हाई. एक फटका अंगावर घ्यायचा, मागं यायचं, दुसरा घ्यायचा आणि पुढं चालू पडायचं. याच्या बाहेर जायचं न्हाई." मामांनी दंडाचा एक फटका जास्त मोजला आणि पिशवीतला दुसरा चेंडू काढला.

केरबानं बोटांवर मोजून पाठ केलं. नाद सोडायचा. फटका घ्यायचा. मागं यायचं. दुसरा घ्यायचा. त्याला वाटलं, किती सोपं आहे, हे आधी का नाही सांगितलं.

झोपेतून उठलेल्या जनार्दनानंही एक फटका वाया घालवला आणि बरोबरी टिकली. शेवटच्या भोकाला मामांचा चेंडू तळ्याच्या काठावर, शेवाळलेल्या दगडापाशी थांबला. मामा दगडावर चढले. देवाचं नाव घेतलं आणि सारा जीव काढून फटका हाणला. चेंडू झेंड्यापासून वीतभर अंतरावर जाऊन बसला. जन्मात मारला नव्हता असा फटका. आणि मामा त्याच झोकात उलटे तळ्यात गेले.

तळं छातीएवढंच, पण गाळ गुडघाभर. मामांचे पाय रुतले. डोक्यावर शेवाळ, हातात काठी.

"जावईबापू, हात द्या!"

केरबाचा हात पुढं झालाच होता. मग त्याला आठवलं, आणि त्यानं हात मागं घेतला. त्याला फार वाईट वाटलं. मामा माणूस म्हणून चांगले होते. पण रडत बसायचं नव्हतं. त्यानं मामांकडं पाहून हात जोडले, स्वतःच्या पाठीत एक काठी हाणून घेतली आणि मागं वळून चालू पडला.

घरी मामी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. शेजारी हौसा होती.

"मामी," केरबा म्हणाला, "मामा पाण्यात गेले."

मामींच्या हातातलं सूप पडलं. केरबानं ते उचललं नाही.

"त्यांचा नाद सोडा. रडू नका. फटका मी घेतलाय. मी मागं आलोय ते दुसरे घ्यायला."

"दुसरे काय?" हौसानं कपाळाला हात लावत विचारलं.

"दुसरे मामा."

मामी किंचाळत अंगणात धावल्या, आणि फाटकातून मामाच आत आले. जनार्दनाच्या खांद्यावर हात, अंगभर चिखल, कानामागं शेवाळ. जनार्दनानं त्यांना ओढून काढलं होतं, आणि मामांनी तशा ओल्या अंगानं आधी झेंड्यापाशी जाऊन चेंडू भोकात घातला होता. सात वर्षांनी डाव जिंकला होता. आता त्यांना फक्त जावई हवा होता, आणि काठी अजून हातातच होती.

केरबाचा चेहरा उजळला. इतक्या लवकर सोय होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

"घ्या मामी, आले की. अगदी जुन्यासारखेच हायत. थोडे ओले हायत, पण वाळतील."

मग तो पुढं झाला, चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं टेकलं आणि अदबीनं म्हणाला, "मामा, आपली वळख न्हाई. मी केरबा, तुमचा जावई. तुमच्या आधीचे मामा हौसाला उद्या धाडणार हुते. तुमचं काय म्हणणं?"

मामांनी काठी खाली टाकली. हौसाकडं पाहिलं. ती पदर तोंडात कोंबून हसत होती, आणि हसता हसताच तिनं आपलं गाठोडं ओसरीवर आणून ठेवलं होतं.

"आजच घेऊन जा," मामा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. दुपारची गाडी मिळंल."

केरबा आजही गावात सांगतो, जुने मामा वाईट नव्हते, पण पोरगी अडवून धरायचे. नवे फार समजूतदार आहेत.