महाराजांची किरकिर

“महाराज, देह म्हणजे नुसतं वस्त्र, असं तुम्हीच सांगता ना? मग वस्त्र जरा तापलं, तर एवढी किरकिर कशाला?”

विश्वंभरने विचारलं खरं, पण आवाज खालीच ठेवला. बाहेर ओसरीवर भक्त बसले होते.

घोंगडीखालून दयाळबुवा म्हणाले, “आधी पाणी दे. कोमट. मघासारखं गार नको.”

त्याने पाणी दिलं. शास्त्रं शिकून मठात आलेला हा हुशार शिष्य. आपला गुरू चारचौघांसारखा कण्हतो, हे त्याच्या फार जिवाला लागलं होतं.

बुवांना फ्लू झाला होता, आणि वय सत्तरीच्या पुढचं. डॉक्टरीणबाई टेकडी चढून आल्या, औषध देऊन गेल्या. ताप तीन-चार दिवस राहील, खोकला नि अशक्तपणा आणखी रेंगाळेल, त्याला भ्यायचं नाही, म्हणाल्या. मात्र धाप लागली, पाणी पिणं सुटलं, बोलण्यात भ्रम झाला, हाक मारून उठेनात, किंवा उतरलेला ताप फिरून चढला, तर वाट बघत बसायचं नाही. गाडीत घालून तडक खाली दवाखान्यात आणायचं.

बुवांचं मात्र दिवसभर चालूच. उशी टोचते. पेज अळणी आहे. पाय चेप, अरे हळू, मोडतोस की काय.

या मठाची रीत अशी, की आजाऱ्याने मौन धरावं. म्हणून विश्वंभरने ओसरीवर ठोकून दिलं, महाराज मौनात आहेत. लोकांनी तिथूनच हात जोडले. तेव्हा कुठे त्याला जरा बरं वाटलं.

मग एका सकाळी तो आत आला, तर कुरकुर नाही, कण्हणं नाही. बुवा डोळे मिटून शांत पडलेले. आता कसे साधूसारखे दिसतात, असं त्याच्या मनात आलं...

आणि लगेच डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं.

“महाराज?”

तो अंथरुणाशी वाकला.

“महाराज... ओ महाराज!”

मठाची शांतता गेली चुलीत. त्याने बुवांना गदागदा हलवलं, गाडी काढा म्हणून बाहेर ओरडला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

बुवांनी एक डोळा उघडला.

“गाढवा, पहाटे घाम फुटून ताप उतरला. इतक्या दिवसांनी डोळा लागला होता. तोही बघवेना तुला?”

विश्वंभरने त्यांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. श्वासही संथ चालला होता. त्याच्या जिवात जीव आला आणि तो तिथेच भुईवर फतकल मारून बसला.

“बोला महाराज. काहीही बोला. शिव्या द्या हवं तर.”

बुवांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

“ओसरीवर कोणी आहे का रे?”

“आहेत. तुमचं मौन सुटायची वाट बघतायत.”

“मग जा. त्यांना सांग, महाराज किरकिर करतायत.”